हुरड्याचं बोलावणं

सेवानिवृत्त माणसाने सण कसा साजरा करावा याबद्दल सरकारचा कसलाही नियम नाही, आणि जगदेव गुरुजींची पहिली अडचण तीच होती.

उभ्या नोकरीत गुरुजींनी नियमाबाहेर काही केलं नव्हतं. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं. आता घंटाच नव्हती. भाद्रपद सरता सरता कारंज्याच्या शाळेतून ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना एक नारळ आणि लालभडक लोकरी शाल मिळाली. ते सामान गाडीत घालून ते आपल्या बोरखेडीला आले. बोरखेडी म्हणजे जऊळका स्टेशनाच्या अलीकडे, रुळाला लागून असलेलं गाव. आता दसरा, दिवाळी, सगळं घरी बसून मनसोक्त उपभोगायचं असा त्यांचा बेत होता.

दसऱ्याला सगळ्या गावाला सोनं वाटून झालं तरी ऊन डोक्यावर आलं नव्हतं. दिवाळीला त्यांनी घरात मदत करायची ठरवली. मनकर्णाबाई करंज्या करत होत्या. गुरुजी शेजारी पाट घेऊन बसले आणि करंजीच्या दोन्ही कडा सारख्या का असाव्यात हे त्यांना समजावून सांगू लागले. दोन घाणे मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं. तिसऱ्या घाण्याला त्यांनी झारा खाली ठेवला.

"अवो, तुमी रिटायर झाले ना?"

"झालो."

"मंग करंज्यायले काहून शिकवून राह्यले? ओसरीवर जाऊन बसा ना बाप्पा."

गुरुजी ओसरीवर जाऊन बसले. बसणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पाडव्यापर्यंत गुरुजींचं बसणं पार संपलं.

त्याच पाडव्याला पुढच्या साऱ्या प्रकरणाचं बी पडलं. फराळाला त्यांचे धाकटे भाऊ जानराव आले होते. दोघा भावांची चूल वेगळी, पण भिंत एकच. सोबत शेजारच्या तांड्याचे मोहनसिंग नाईकही होते. जानरावांनी चिवड्याचा बोकणा भरला आणि म्हणाले, "नाईक, आमचा दादा म्हंजे जन्माचा पाहुणा. ज्या गावात बदली झाली त्या गावाचा पाहुणा. आन् सुटीत घरी आला का घरचाबी पाहुणाच."

सगळे हसले. गुरुजीही हसले. पण ते वाक्य त्यांना झोंबलं, कारण ते खरं होतं. गावोगावी त्यांनी हुरडा खाल्ला होता. थंडी पडली की कुणाच्या ना कुणाच्या वावरातून मास्तरला आवतन यायचंच. त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली जायची, पहिली मूठ त्यांच्या हातावर पडायची. आणि त्यांनी? त्यांनी आजवर कुणाच्या हातावर हुरड्याची एक मूठसुद्धा ठेवली नव्हती. हुरडा खाऊ घालायचा तर शिक्षकाला वावर लागतं, आणि वावर बोरखेडीत, शिक्षक भलतीकडेच.

गुरुजींनी करंजी खाली ठेवली. "यंदा वर्षअखेरीला आपल्या रुळाकाठच्या पट्टीत हुरडा होईल," ते म्हणाले. "मी यजमान. तुम्ही पाहुणे."

"तुमी?" जानराव म्हणाले. त्या दोन अक्षरांत फार काही होतं.

रुळाकाठची ती पट्टी गुरुजींच्या वाटणीची. जानरावांनीच तिच्यात वाणीची ज्वारी पेरून दिली होती. वाणी ही खास हुरड्याचीच ज्वारी. दाणा कोवळा आणि इतका गोड, की गूळ लावला नाही तरी तक्रार होत नाही.

आता वर्षअखेर म्हणजे कधी, हा प्रश्न निघाला. गुरुजींच्या डोक्यात एकतीस डिसेंबर होता.

"आमचं वरीस त शिमग्यानं सरते," जानराव म्हणाले.

"आन् बाजारातल्या शेठ लोकायचं कालच सरलं, लक्ष्मीपूजनाले," मोहनसिंग नाईक म्हणाले. "तुमचं कोन्तं म्हनता गुरुजी?"

असा प्रश्न कुणी विचारला की गुरुजींचं वय वीस वर्षांनी कमी होई. त्यांनी आतून एक लिंबू आणि समई मागवली आणि पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते ओसरीवर दाखवलं. गल्लीतली पोरं जमली. लिंबू समईला प्रदक्षिणा घालून परत आलं तेव्हा एकतीस डिसेंबर झाला होता आणि सर्वांना पटलं होतं. पोरं तर उद्या पुन्हा लिंबू फिरवणार का म्हणून विचारत होती.

"सारं खरं दादा," जानराव म्हणाले. "पन हे ज्वारीले कोन सांगन? तिनं लिंबू पाह्यलं नाई."

ज्वारीने मात्र गुरुजींची लाज राखली. हा त्या वर्षीचा एकमेव सरळ कारभार.

बाकीचं सगळं आडवं गेलं. गुरुजींना वाटलं होतं, पाच-सहा माणसं बोलवावीत, चार कणसं भाजावीत, शेंगदाण्याची चटणी असावी, झालं. पण बेत गावात कळला आणि सल्ले सुरू झाले. विद्यार्थ्याने हौसेनं दिलेलं उत्तर गुरुजींनी कधी फेटाळलं नव्हतं, त्यामुळे एकही सल्ला वाया गेला नाही. कुणी म्हणालं, जवसाची चटणी नसली तर हुरडा कसला? जवसाची चटणी आली. कुणी म्हणालं, नुसत्या हुरड्यानं पोट भरते का, रोडगे पाह्यजेत. राखेत भाजायचे रोडगे आले. रोडगे म्हटल्यावर त्यांच्यासंगे वांग्याची भाजी येतेच, तिला आवतन लागत नाही. मोहनसिंग नाईकांच्या धनीबाईंनी निरोप धाडला की दही तांड्याचंच घ्यावं, गावातल्या दह्याले बाईचा हात लागते पर म्हैस लागत नाही. त्यामुळे गावातल्या बाया रागावल्या. मग दही दोन्हीकडून घ्यायचं ठरलं. ज्याने सल्ला दिला त्याला आवतन देणं भागच होतं. अशा रीतीने पाच-सहा पाहुण्यांची गल्ली झाली, गल्लीचं गाव झालं, आणि गावात तांडा मिळाला.

"बाई," जानरावांच्या गोजराबाई मनकर्णाबाईंना म्हणाल्या. गुरुजी त्यांचे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्यामुळे गुरुजींना काही सांगायचं झालं तर त्या डोईवरचा पदर पुढे ओढून शेजारच्या माणसाशी बोलत. "बाई, भासऱ्यायले म्हना, आता सल्ला कोनाले इचारू नोका. नाई त वाशीमचा बाजारबी जेवाले येईन."

मधल्या काळात पट्टीवर पोपट उतरले. वाणी गोड असते हे पोपटांना कुणी शिकवावं लागत नाही. राखणीसाठी वावरात उंच माळा बांधला होता. गुरुजी त्यावर गोफण घेऊन चढले. पहिला दगड पलीकडच्या वावरात जानरावांच्या पाण्याच्या मडक्याला लागला. दुसरा मारायच्या आधी जानराव स्वतः येऊन गोफण घेऊन गेले.  

मग गुरुजींनी आपल्या हातचं शस्त्र काढलं. गावातली आणि तांड्यावरची सगळी पोरं त्यांनी माळ्याखाली बसवली आणि पाढे सुरू केले. बे एके बेला पोपट ढिम्म. बाराच्या पाढ्याला थोडी चुळबूळ झाली. एकोणिसाला निम्मे उडाले. एकोणतिसाचा पाढा पोरांनी एका सुरात ओरडून म्हटला तेव्हा वावरात एक पोपट राहिला नाही. जे कितीएक वर्गांतल्या मुलांना जमलं नव्हतं ते पोपटांना जमलं, ते उडून तरी गेले. महिनाभर रोज हे चाललं. बोरखेडीची पोरं त्या हंगामात पाढ्यांत जी पक्की झाली ती कायमची. गुरुजींना माळ्यावर बसून खाली ते चिमणे आवाज ऐकताना वाटे, यापरतं सेवानिवृत्तीचं सुख ते काय?

इथेच ते थांबले असते तर बरं. पण ते नियमाचे पडले. कणसं भाजायची आगटी पेटवायची ती रुळाच्या जवळ. तेव्हा रेल्वेची परवानगी घेणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"आपल्या वावरात आपला जाळ," जानराव म्हणाले. "त्यात रेल्वेचं काय जळते?"

गुरुजींनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला. अर्ज वरच्या कुठल्याशा हापिसात गेला. तिकडून विचारणा आली, हुरडा म्हणजे काय? गुरुजींनी कोवळ्या ज्वारीचं सविस्तर वर्णन धाडलं, शेवटी चवीबद्दल दोन ओळी. मग विचारणा आली, सदर हुरडा प्रवासी वाहतुकीत मोडतो की मालवाहतुकीत? गुरुजींनी धीर सोडला नाही. मठ्ठ पोराला ते तीनदा समजावून सांगत, हापिसाला चौथ्यांदा सांगितलं. शेवटी उत्तर आलं की, रूळ तपासणारे साहेब सवडीने जागेची पाहणी करतील, तोवर थांबावं.

साहेबांना सवड झाली नाही. डिसेंबर संपत आला. वाणीचा दाणा दुधात भरला. हुरडा दोन-चार दिवसांचा धनी. पुढे सरकला की ज्वारी होते, आणि ज्वारी कुणी आवतन देऊन खाऊ घालत नाही. अखेर परवानगीवाचून आगटी पेटवायचं ठरलं. आयुष्यातला पहिलाच गुन्हा. त्या विचाराने गुरुजींना दोन घास कमी जात होते.

तीन दिवस आधी डोक्यावर टोपी आणि खांद्यावर ती निरोपाची लाल शाल घेऊन ते घरोघर आवतन द्यायला निघाले. एकही घर वगळलं नाही. जानरावांच्या घरीसुद्धा, चूल वेगळी म्हणून, रीतसर उंबऱ्यात उभं राहून आवतन दिलं.

"मंगळवारी, एकतीस तारखेला सकाळी ठीक दहाला, रुळाकाठच्या पट्टीत."

"येतो ना गुरुजी," प्रत्येक जण म्हणाला. "न याले काय झालं?"

मंगळवार उजाडला. मनकर्णाबाई आणि गोजराबाई तांबडं फुटायच्या आतच वावरात पोचल्या होत्या. आगटीत गोवऱ्यांचा निखारा लाल झाला होता. राखेत रोडगे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी, पळसाच्या पानांवर दोन रंगांच्या चटण्या, गुळाचे खडे, आणि तांड्याचं नि गावचं दही वेगवेगळ्या टोकांना, भांडण नको म्हणून. गुरुजींनी पहाटे अंघोळ केली, घरच्या देवाला हात जोडले आणि सरळ पट्टीत आले. स्वतःच्या हाताने घोंगड्या अंथरल्या. मधली घोंगडी कुणासाठी ठेवायची, या विचाराशी ते थबकले. मधल्या घोंगडीवर आजवर तेच बसत आले होते.

दहा वाजले. कुणी आलं नाही.

गुरुजींनी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. साडेदहा झाले. पहिली कणसं भाजून, चोळून, सुपात काढून ठेवली होती. वाफ निघत होती तोवर तो हुरडा होता. वाफ सरली आणि दाणे टणक झाले. मनकर्णाबाईंनी ते सूप गपचूप बाजूला सारलं आणि नवी कणसं निखाऱ्यावर घातली. अकरा वाजले.

"बाई," गोजराबाई पदराआडून म्हणाल्या, "गाव रुसलं काय वो?"

 मनकर्णाबाई रोडगे उलटत राहिल्या.  गुरुजी घोंगडीच्या कडेला बसून आपण गावात कुणाकुणाला दुखवलं याचा हिशेब करू लागले. भजनात जानरावांचा टाळ मागे पडतो असं ते म्हणाले होते. नाईकांच्या नातवाला सर्वांदेखत अकराचा पाढा पुन्हा म्हणायला लावला होता. पाटलांच्या घरी चहात गूळ जास्त आहे असं सांगितलं होतं, पण ते तर विचारल्यावरून. एवढ्यावरून सगळं गाव?

"जन्माचा पाहुणा," त्यांच्या मनात कुणीतरी म्हणालं.

मग त्यांच्यातला शिक्षक उठला. विद्यार्थी आला नाही तर आधी वाट तपासावी, मग विद्यार्थी. वाणी पुरुषभर वाढलेली, पायवाट तिच्यात बुडालेली. लोकांना जागाच सापडत नसणार! तरातरा ते माळ्यावर चढले. गावाकडे पाहिलं. झाडांआड गाव दिसत होतं, माणूस दिसत नव्हता. खूण केली पाहिजे. दुरून दिसेल अशी खूण. थंडीची म्हणून खांद्यावर घेतलेली शाल त्यांनी काढली, दोन्ही टोकं धरली, आणि डोक्यावर उंच करून जोरजोराने हलवू लागले.

"इकडे! इकडे!" ते ओरडले.

नेमकी त्याच वेळी अकोल्याकडून पॅसेंजर आली.

पॅसेंजर रोज त्या वेळी येते. गुरुजींना ते माहीत होतं, पण ते गावाकडे तोंड करून उभे होते. इंजिनातल्या बाबूलाल ड्रायव्हरला काय दिसलं असेल? रुळाकाठी धुराचा लोट, आणि त्या धुरावर एक म्हातारा, लाल कापड जिवाच्या आकांताने हलवतो आहे. बाबूलालने शिट्टी फुंकली, फुंकतच राहिला, आणि सगळे ब्रेक लावले. चाकं किंचाळली. गुरुजी दचकून वळले. बरोबर त्यांच्या पट्टीसमोर, फुसफुसत, अख्खी गाडी उभी राहिली होती.

बाबूलाल उडी मारून धावत आला. "क्या हुआ बाबा? पटरी टूटी क्या?"

गुरुजी माळ्यावरून उतरले. चौथीपर्यंत ते हिंदीही शिकवत. त्यांनी शाल नीट घडी करून खांद्यावर घेतली आणि खरं ते सांगितलं.

"नहीं। हुरडा है।"

बाबूलाल त्यांच्याकडे बघत राहिला. मागून हिरवं-लाल निशाण काखेत मारून गार्ड धापा टाकत आला. त्याला कारण हवं होतं. गाडी विनाकारण थांबवणं म्हणजे काय असतं, कोणत्या कोर्टात असतं, हे तो सांगू लागला. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी आजवर कितीएकांना असं उभं केलं होतं. आपण कधी उभे राहिलो नव्हतो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

पण हवेला कोर्टाशी कर्तव्य नव्हतं. आगटीचा वास डब्याडब्यात शिरला.

"अवो, हुरडा हाय काय?" एका खिडकीतून आवाज आला.

"वाणीचा दिसते," दुसरी खिडकी म्हणाली.

"तुले डब्यातून कसं समजलं?"

"नाकानं समजलं. तुह्या नाकाले काय झालं?"

तिसऱ्या वर्गाचा एक दरवाजा उघडला. एक आजीबाई कुणाचा तरी हात धरून खाली उतरल्या आणि सरळ आगटीकडे आल्या. "पोरी, गरम हाय ना?" त्यांनी मनकर्णाबाईंना विचारलं. त्यांच्या मागे कारंज्याचे दोन कापूस व्यापारी, त्यांच्या मागे लग्नाला निघालेलं एक बिऱ्हाड, त्यांच्या मागे डबाच्या डबा.

गुरुजींनी मान वर केली. त्यांच्या वावरात माणसं उभी होती. भुकेली माणसं, थंडीत हात चोळणारी. गार्ड अजून बोलत होता, पण गुरुजींना ते ऐकू येईना. ते पुढे झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले ते शब्द त्यांनी उच्चारले.

"या, बसा. घोंगड्यांवर बसा. त्या आजींना निखाऱ्याजवळ जागा द्या."

मनकर्णाबाईंनी मुठीमुठीने हुरडा चोळायला घेतला. गोजराबाई भासऱ्यासमोरचा पदर विसरल्या आणि रोडगे फोडू लागल्या. पहिली मूठ गुरुजींनी स्वतः बाबूलालच्या काळ्याकुट्ट हातावर ठेवली. बाबूलालने ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि इंजिनाकडे पाठ फिरवली.

"हे चालायचं नाही," गार्ड म्हणाला. "मी कारण काय लिहू?"

"आधी चटणी घ्या," गुरुजी म्हणाले. गार्डने चटणी घेतली.

इतक्यात पहिल्या वर्गाच्या डब्यातून एक सुटाबुटातले गृहस्थ उतरले. लोक बाजूला सरले. ते रूळ तपासणारे साहेब होते. त्यांनी धूर पाहिला, आगटी पाहिली, गुरुजींच्या हातातलं सूप पाहिलं.

"तो अर्ज तुमचाच का?" ते म्हणाले. "हुरड्याचा?"

गुरुजींनी सूप खाली ठेवलं. "माझाच. आपण पाहणीला याल म्हणून वाट पाहिली साहेब. पण दाणा थांबेना."

"मी महिनाभर या खिडकीतून पाहणी करतोच आहे," साहेब म्हणाले. "पण गाडी इथे थांबत नाही, तर उतरणार कसा?" त्यांनी आगटीपासून रुळापर्यंत पावलं टाकली, मान हलवली, परत आले आणि घोंगडीवर मांडी घालून बसले. मधल्या घोंगडीवर. "जागा सुरक्षित आहे. गार्ड, लिहा. जागेच्या पाहणीसाठी गाडी थांबवली."

"आणि साहेब, तो प्रवासी की माल, हा प्रश्न?" गार्डने तोंडातला घास गिळत विचारलं.

साहेबांनी सगळीकडे नजर फिरवली. "माल होता," ते म्हणाले. "आता प्रवाशांत गेला."

आगटीभोवती असा हशा उठला की बाजूच्या वावरातले पोपट एकोणतिसाचा पाढा न म्हणता उडाले.

त्याच वेळी पायवाटेवर धूळ उठली. सगळं गाव पळत येत होतं. पुढे जानराव, नवं धोतर, नवा फेटा. मागे मोहनसिंग नाईक, दागिन्यांनी मढलेल्या धनीबाई, तेल लावून भांग पाडलेली पोरं. एकूण एक माणूस नटूनथटून तयार.

"दादा!" जानराव ओरडले. "गाडी काहून थांबली? तुमाले काई झालं त नाई?"

"मला काय होणार?" गुरुजींचा आवाज चढला. तो फक्त वर्गात चढत असे. "दहाला बोलावलं होतं. आता बारा वाजायला आले. होतात कुठे सगळे?"

"कुठी म्हंजे? घरी," जानराव म्हणाले. "सकाळपासून धोतर नेसून ओट्यावर बसून राह्यलो. समोर पाटील बसेल होता, त्याच्या समोर तेली बसेल होता. सारं गाव ओट्यावर. तांडाबी आपल्या जागी तयार. आमी एकमेकायच्या तोंडाकडं पाहून राह्यलो."

"पण आवतन दिलं होतं ना?"

"आवतन त देल्लं दादा. बोलावणं कुठी धाडलं?"



"आवतन आधी द्या लागते," मोहनसिंग नाईक हळूच म्हणाले, "आन् ज्या दिवशी जेवन त्या दिवशी मानूस धाडा लागते, का तयार झालं, चला म्हनून. त्याबिगर कसं येनार गुरुजी? लोक काय म्हनतीन, बोलावल्याबिगर धावले म्हनतीन."

मनकर्णाबाईंनी डोक्याला हात लावला. गोजराबाईंनीही लावला. ही गोष्ट कुणी कुणाला सांगायची असते, हेच त्या दोघींच्या मनात आलं नव्हतं.

आणि गुरुजींना आठवलं. प्रत्येक गावी हुरड्याच्या दिवशी सकाळी कुणी ना कुणी पोरगं दारात उभं असे. "गुरुजी, चला, झालं तयार." त्यांना नेहमी वाटत आलं, पोरांना आपला किती लळा! वाट दाखवायला येतात बिचारी. ती बोलावणी होती. एवढी वर्षं ते बोलावण्यावाचून एका घरी गेले नव्हते, आणि आज अख्ख्या गावाला त्यांनी बोलावण्यावाचून बसवून ठेवलं होतं. लळाही होता, नाही असं नाही. पण रीतही होती.

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. "आता काय करू?"

जानरावांनी गाडीकडे पाहिलं. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत पाहिलं. मग घोंगड्यांवर बसलेल्या साहेबाकडे, आजीबाईकडे, दोन्ही गालांत हुरडा भरलेल्या गार्डकडे पाहिलं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"चुकलं कसं?" ते म्हणाले. "बोलावणं त आलं! एवढी मोठी शिट्टी कोनाची होती? नाईक, तुमच्या तांड्यात ऐकू आली का नाई?"

"तांड्यात काय, पल्याडच्या गावात ऐकू आली," नाईक म्हणाले.

"मंग झालं! पाटील लगनात घोडा धाडते बोलवाले. आमच्या दादानं रेल्वे धाडली!" आणि जानराव, ज्यांनी आयुष्यात थोरल्या भावाला एकदाही शाबासकी दिली नव्हती, गुरुजींच्या समोर हात पुढे करून बसले. "वाढा यजमान. आमचा पाहुनचार करा."

गुरुजींनी वाढलं. गावाला वाढलं, तांड्याला वाढलं, गाडीला वाढलं. जवसाची चटणी संपली, दोन्ही टोकांचं दही एका गंजात मिसळलं आणि कुणालाही ओळखू आलं नाही. पोरांना त्यांनी घोळक्याने बसवलं आणि ओंजळीत हुरडा टाकत गेले. ज्याने एकोणतिसाचा पाढा म्हटला त्याला दोन ओंजळी, ज्याला आला नाही त्यालाही दोन. साहेबांनी रोडगा मागून घेतला. आजीबाईंनी पदराला बांधून घेतला, नातवासाठी. परवानगीशिवायचा गुन्हा करून गुरुजी इतके समाधानी कधी झाले नव्हते.

गाडी सुटली तेव्हा बाबूलालने इंजिनातून ओरडून विचारलं, "बाबा, अगले साल कब?"

"एकतीस डिसेंबर!" सगळं गाव ओरडलं. लिंबाचा धडा कुणी विसरलं नव्हतं.

पुढल्या वर्षी एकतीस डिसेंबरसाठी गुरुजींनी आदल्या दिवशीच चार पोरांना बोलावण्यासाठी नेमून ठेवलं होतं. पण पोरं निघायच्या आतच रुळावरून लांबलचक शिट्टी वाजली. पॅसेंजर त्या दिवशी थांबली नाही, नुसती शिट्टी देत हळूहळू पट्टीसमोरून गेली, आणि खिडक्याखिडक्यांतून हात हलले. ओट्यावरून सगळ्यात आधी जानराव उठले. "चला रे," ते म्हणाले, "बोलावणं आलं."

लाल शाल मात्र मनकर्णाबाईंनी गाडी थांबली त्याच संध्याकाळी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवली होती. थंडी वाढली तसे गुरुजींनी ती मागितली.

"घोंगडी घ्या ना," त्या म्हणाल्या. "शाल कायले? मले आज घरात गाडी नाई पाह्यजे."